देवरावांचा उजवा तळवा

वाडीत, अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे जी वस्ती आहे, तिथं देवराव सोमकुवरांचं दोन खोल्यांचं घर आहे. देवराव रेल्वेत होते. आधी गँगमध्ये गिट्टी ओढायला आणि मग कीमॅन म्हणून. कीमॅनचं काम म्हणजे चालणं. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळांच्या कडेनं निघायचं, कुठं रूळ घट्ट धरणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची आणि पुढं जायचं. ऊन असो, पाऊस असो. रिटायर झाल्यावरसुद्धा त्यांची चाल तीच राहिली. भाजी आणायला निघाले तरी नजर जमिनीवर आणि पाऊल सारखं पडायचं. सिंधूताई, त्यांची बायको, मागं पडायच्या आणि म्हणायच्या, "आइका ना, गाडी सुटून नाई राहिली आपली."

सिंधूताई अंगणवाडीत मदतनीस होत्या. स्वभाव शांत. पोरांची नाकं पुसणं, खिचडी वाढणं, रडणाऱ्याला मांडीवर घेणं, यात त्यांचा जन्म गेला होता. एकुलता एक मुलगा धम्मानंद पुण्याला कंपनीत. घरात दोघंच.

देवरावांना शुगर होती आणि ती बऱ्याच वर्षांची होती. गोळ्या घ्यायचे, पण दवाखान्यात जायचं म्हटलं की काही ना काही काम निघायचं. एकदा बाजारातून घरी आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. सिंधूताईंनी विचारलं तर ते स्वतःच खाली बघून चकित झाले. कुठं निघाली, कळलंच नाही. दोघंही हसले. मग रात्री अंथरुणावर सिंधूताईंनी त्यांच्या तळव्याला नखानं टोचून बघितलं. देवराव छताकडं बघत बोलत राहिले, पाय काही त्यांनी ओढून घेतला नाही. तेव्हा सिंधूताईंना जरा भीती वाटली होती.

बुद्ध पौर्णिमा मे महिन्यात येते आणि मे महिन्यातलं नागपूर काय असतं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी वस्तीतल्या विहारासमोर नव्या फरशा बसवल्या होत्या. सकाळी पंचशील ध्वज चढवला, वंदना झाली, आणि मग खीरदान. गर्दी एवढी की रांग रस्त्यावर गेली. मांडवाचं कापड अर्ध्या अंगणावरच होतं. देवराव खिरीच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्यापाशी, उभे राहिले ते दुपार चढेपर्यंत. विहाराच्या अंगणात कोणी चपला घालत नाही. पोरं फरशीवरून उड्या मारत पळत होती, बायका चटईच्या तुकड्यावर पाय ठेवून उभ्या होत्या. देवराव मात्र एका जागी, हातात डाव घेऊन.

"देवराव, पाय भाजत नाईत का गा तुमचे?" कोणी तरी विचारलं.

"रेल्वेचे पाय आहेत," ते म्हणाले, आणि लोक कौतुकानं हसले. सिंधूताईंनाही त्या वेळी अभिमानच वाटला.

घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. सिंधूताई भाकरी वाढायला वाकल्या तर फरशीवर ओली पावलं उमटलेली. मोरीपासून पाटापर्यंत.

"पाय पुसले नाई का तुमी?"

"पुसले ना."

पावलं वाळत नव्हती. थोडी चिकट होती. सिंधूताईंनी त्यांचा पाय धरून उलटा केला. उजव्या तळव्याची कातडी सुटून आली होती, खाली लाल मांस, आणि फुटलेल्या फोडांतून पाणी वाहत होतं. डाव्या पायालाही फोड होते, पण ते लहान. देवराव घास हातात धरून त्यांच्याकडं बघत होते.

"काय झालं वं?"

त्यांना काय सांगावं ते सिंधूताईंना कळेना. ज्याचा पाय भाजला त्यालाच सांगायचं होतं की तुझा पाय भाजला.

डावा पाय बरा झाला. उजव्या पायाचीही बरीच कातडी आली. फक्त अंगठ्याच्या मुळाशी, जिथं चालताना सगळा भार पडतो, तिथली एक जागा भरेना. आधी ती चट्ट्यासारखी होती, मग खोल झाली. वस्तीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शनं. सिंधूताई रोज सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी ड्रेसिंग करायच्या. कोमट पाणी, कापूस, जाळीची पट्टी. देवराव खाटेवर पालथे पडायचे आणि उशीत तोंड ठेवून विचारायचे, "आज कशी दिसून राहिली?"

तळव्याखालची जखम त्यांना स्वतःला दिसायची नाही आणि दुखायचीही नाही. त्यामुळं जखम होती ती फक्त सिंधूताईंच्या डोळ्यांपुढं. त्या सांगतील तशी ती असायची. सुरुवातीला त्या खरं सांगायच्या. मग एका सकाळी पट्टी काढल्यावर कडेला काळं दिसलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बरी आहे. कालच्यापेक्षा बरी आहे." देवरावांनी समाधानानं मान हलवली. त्यानंतर खरं सांगणं त्यांना जमेना.

रामदासपेठेतल्या दवाखान्याचा पत्ता धम्मानंदानं शोधला. फोनवर म्हणाला, "आई, लेझरनं जखमा भरते तिथं. कापाकापी नाही. मी वाचलं आहे, तू बाबाले घेऊन जा."

लेझर म्हटल्यावर देवराव जरा बिचकले. त्यांचा जुना साथीदार लहानू तेव्हा घरीच बसला होता. लहानू आणि देवराव एकाच गँगमध्ये भरती झाले होते, दोन गल्ल्या सोडून राहायचे, आणि रोज संध्याकाळी लहानू चहाला यायचाच. तो म्हणाला, "लग्नातल्या डीजेवर असते ना, लाल-हिरवं, तेच मारतील तुझ्या पायावर. नाचत येशील घरी."

डॉक्टर चारुशीला मॅडम मध्यम वयाच्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी पाय बघितला, घोट्यापाशी बोट ठेवून नाडी शोधली, बराच वेळ शोधली. जखमेच्या कडेची मेलेली कातडी ब्लेडनं काढली. देवराव तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग मॅडम सिंधूताईंकडं वळून म्हणाल्या, "हा कमी ताकदीचा लेझर आहे. यानं काही जळत नाही, कापलं जात नाही. नुसता उजेड जखमेवर सोडायचा. त्यानं तिथल्या पेशी जाग्या होतात, नवीन मांस यायला मदत होते. पण मी खात्री देत नाही. काही लोकांना चांगला फायदा झालेला मी बघितला आहे, काहींना नाही झाला. आणि शुगर ताब्यात नसेल, या पायावर भार पडत राहिला, तर लेझर काही करू शकणार नाही. हे मुख्य आहे."

भार पडू नये म्हणून त्यांनी एक बूट दिला. त्याला पुढचा भागच नव्हता, सगळं वजन टाचेवर. तो घालून देवराव चालले की बदकासारखे दिसायचे. त्यांना त्याची लाज वाटायची.

लेझर द्यायला मोनाली नावाची मुलगी होती. फिजिओथेरपी शिकलेली, बोलकी. पहिल्याच दिवशी तिनं दोघांनाही हिरव्या काचांचे चष्मे दिले, खोलीचा पडदा ओढला आणि पेनासारखी एक नळी जखमेजवळ आणली. लाल उजेडाचा ठिपका तळव्यावर पडला. ती तो जखमेच्या कडेकडेनं हळूहळू सरकवत राहिली.

"काका, काही जाणवते का?"

"काहीच नाई."

"जाणवायलाही नको. हा गरम नसतो."

देवरावांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "पोरी, माझ्या पायाले विस्तव नाई कळला. हा थंड आहे का गरम, मी कसं सांगू?"

सिंधूताईंनी आपला हात पुढं केला. "माझ्या हातावर मार बाई थोडा. मी सांगते त्यांना." मोनालीनं त्यांच्या मनगटावर तो ठिपका धरला. सिंधूताईंनी डोळे मिटून जाणवतं का ते बघितलं. काही नव्हतं. चिमटा नाही, ऊब नाही. "खरंच काही नाई लागत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, पण स्वतःला मात्र उगाच वाटून गेलं की काहीच लागत नाही, मग ते काम तरी काय करत असेल.

पण काम होत होतं. मोनाली अधूनमधून जखमेवर पातळ पारदर्शक कागद ठेवून पेनानं तिची कड काढायची आणि देवरावांना दाखवायची. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते तो कागद उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. पुढच्या वेळी कड आत सरकली होती, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. सिंधूताई रोज बघायच्या, त्यांनाही दिसत होतं. काळं गेलं. आत लाल, दाणेदार, ओलसर मांस आलं. कडेनं गुलाबी पातळ कातडी सरकू लागली, दुधावरच्या सायीसारखी. आता देवरावांनी "कशी दिसून राहिली" विचारलं की त्या खरं सांगू शकत होत्या, आणि सांगताना त्यांचा आवाज मोकळा व्हायचा.

दिवस पावसाळ्याचे होते. वाडीच्या नाक्यावर ट्रकांची रांग, रस्त्यात चिखल, ऑटोवाला कुरकुरायचा, तरी त्यांनी एक खेप चुकवली नाही. लहानू रोज चहाला यायचा आणि विचारायचा, "झाला का गा डीजे?" दिवाळीच्या सुमारास जखम बोराच्या बीएवढी राहिली. चारुशीला मॅडम म्हणाल्या, "आता जपा. नवी कातडी फार नाजूक असते. अजून चालायचं नाही." सिंधूताईंनी त्या दिवशी येताना संत्री घेतली.

आणि तीन-चार दिवसांनी लहानू गेला. पहाटे छातीत दुखलं म्हणाला, पोरानं गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

देवराव ऐकून खाटेवर नुसते बसून राहिले. मग उठले आणि सदरा शोधू लागले. सिंधूताई म्हणाल्या, "आपण ऑटोनं घाटावर जाऊ. तिथं थांबू. चालू नका."

"त्याले खांदा नाई देणार का मी?"

"डॉक्टरनी काय सांगतलं तुमाले?"

"चार पावलं देतो. मग बसतो ऑटोत."

सिंधूताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांनी बूट आणून पायात चढवला, पट्टे नीट आवळले. लहानूच्या दारात त्रिसरण पंचशील झालं, तिरडी उचलली. देवराव पुढं झाले, उजव्या बाजूनं खांदा लावला. त्या टाचेच्या बुटात तोल सांभाळेना. तिरडी त्यांच्याकडं कलली. दोन पावलं गेली, आणि सिंधूताईंनी बघितलं की त्यांनी चालता चालताच पायानं पाय दाबून बूट काढून टाकला. बूट रस्त्याच्या कडेला पडला. मागून येणाऱ्या कोणाच्या तरी पायाची ठोकर लागून तो नालीजवळ गेला.

सिंधूताई बायकांमध्ये मागं होत्या. मध्ये सगळी माणसं. पुढं मेलेला माणूस, त्याचं पोर मडकं धरून चाललेलं, लहानूची बायको बायजाबाई दोघींच्या आधारानं पाय ओढत येत होती. अशात ओरडून "थांबा" कसं म्हणायचं? त्यांनी बूट उचलून पदरात घेतला आणि चालत राहिल्या. देवराव चार पावलांवर थांबले नाहीत. नाक्यापर्यंत गेले, नाक्याच्या पुढंही गेले. खांदेकरी बदलत होते, ते मात्र हटले नाहीत. त्यांची चाल तीच होती, सारखी पडणारी. पट्टी केव्हाच सुटली असावी. सिंधूताईंना फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि माणसांच्या पायांमधून कधी तरी एक उघडी टाच. तो घाटापर्यंतचा रस्ता त्यांना आजही आठवत नाही, आठवते ती ती टाच.

घाटावर सावलीत बसवून त्यांनी पाय बघितला. नवी कातडी कुठं होती ते कळत नव्हतं. माती आणि रक्त.

"कशी दिसून राहिली?" देवरावांनी विचारलं.

"घरी चला," एवढंच त्या म्हणाल्या.

धुतलं, मलम लावलं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी साफ केलं, औषधं लिहून दिली, दोन दिवसांनी या म्हणाल्या. त्याआधीच ताप आला. पाय घोट्यापर्यंत लाल झाला, सुजला, आणि पट्टी काढली की खोलीत वास पसरू लागला. पुन्हा गेले तेव्हा मोनाली नेहमीप्रमाणे चष्मे घेऊन आली. मॅडमनी तिला हातानं थांबवलं.

"आता लेझर नाही. पू झाला आहे, हाडापर्यंत गेलेलं दिसतं. एक्स-रे काढावा लागेल. आणि यांना आजच भरती करा, मोठ्या दवाखान्यात."

"तो उजेड जास्त वेळ दिला तर?" सिंधूताईंनी विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "नाही हो सिंधूताई. उजेडाच्या हातात आता काही नाही."

मोठ्या दवाखान्यात तेच निघालं. हाडात शिरलं होतं, आणि पायाकडं रक्त नेणाऱ्या नळ्या पुष्कळ अरुंद झाल्या होत्या. सर्जन तरुण होता. त्यानं समजावून सांगितलं की नुसती बोटं काढली तर ती जखम भरायला रक्तच पोचणार नाही. गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल. धम्मानंद पुण्याहून आला होता. तो कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. देवराव तापातही शुद्धीवर होते.

"काढायचा का?" त्यांनी सिंधूताईंना विचारलं. जसं काही घरातलं एखादं सामान काढायचं होतं.

"मी काय सांगू?"

"तूच तं पाहत होती त्याले रोज. तूच सांग."

सिंधूताईंनी त्यांचा हात धरला. त्यांना सांगायचं होतं की मी अडवायला हवं होतं, पण अडवलं असतं तर तुम्ही मला कधी माफ केलं नसतं, आणि आता दोन्ही गोष्टींचा उपयोग नाही. त्या म्हणाल्या, "काढू द्या. तुमी राहा."

पाय गेला. ताप उतरला. आठवड्याभरानं देवराव उशीला टेकून बसू लागले. आणि मग एका संध्याकाळी त्यांनी दात आवळून चादर मुठीत धरली.

"सिंधू, तळवा भाजून राहिला."

"डावा?"

"उजवा."

सिंधूताईंनी चादरीकडं बघितलं. गुडघ्याच्या जरा खाली चादर सपाट झाली होती. नर्स म्हणाली, असं होतं, काही जणांना कापलेला पाय पुष्कळ दिवस दुखतो, गोळी देते. गोळीनं कमी व्हायचं, पुन्हा यायचं. ज्या पायाला इतकी वर्षं काही कळलं नाही, तो गेल्यावर रोज जळू लागला होता. सिंधूताई पाय असायला हवा होता त्या जागी चादरीवरून हात फिरवायच्या, वारा घालायच्या. "इथं? का अजून खाली?" "खाली. अंगठ्यापाशी." त्या खाली सरकायच्या. कुठं हात ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं, तरी त्या थांबत नव्हत्या.

घरी आल्यावर टाक्यांची एक कड भरायची राहिली. चारुशीला मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, तिथं पू नसेल, रक्त चांगलं पोचत असेल तर लेझर देऊन बघता येईल. देवराव आधी नको म्हणाले. "पुरे झाला तो लाल दिवा." मग चार दिवसांनी स्वतःच ऑटो बोलावायला सांगितला. पुन्हा रामदासपेठ, पुन्हा ते चष्मे. मोनालीनं नळी धरली. या वेळी ठिपका टाक्यांच्या कडेनं सरकत होता. देवराव वाकून त्या ठिपक्याकडं बघत होते. काम झाल्यावर सिंधूताईंनी तिला बाहेर गाठलं.

"मोनाली, एक सांग. तेव्हा ती जखम भरत होती, ते याच्यानं भरत होती का? का बूट होता, शुगर कमी होती, म्हणून?"

"मावशी, सगळ्यांनी मिळून भरत होती. याचं किती, त्याचं किती, मले नाही सांगता येत. मॅडमलेही नाही येणार."

"आणि नसते गेले खांदा द्यायले तर?"

मोनालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ती कड फेब्रुवारीत भरली. पुढं नकली पायाचं माप झालं. तो लावून देवराव वॉकर धरून अंगणात फिरतात. थोडं फिरले की दमतात, खुर्चीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघत राहतात. बायजाबाई कधी तरी येऊन बसते. दोघं लहानूबद्दल बोलतात. त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. जळणं आता कमी झालं आहे, पण गेलं नाही. सिंधूताई रोज सकाळी त्यांचा डावा पाय मांडीवर घेतात, बोटं फाकवून बघतात, तळव्यावरून हात फिरवतात. देवराव काही विचारत नाहीत.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली कौसल्या आली. तिच्या सासूच्या टाचेला जखम झाली होती, शुगरचीच. "सिंधूताई, तुमी तिकडं लेझर केला होता म्हणे. फायदा होते का?"

देवराव अंगणात खुर्चीवर होते. सिंधूताईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते, पण ऐकत होते हे कळत होतं.

"होते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाई बी होत." कौसल्या वाट बघत उभी राहिली. सिंधूताईंनी आत जाऊन चपला घातल्या आणि पदर खोचला. "चल, मी पाहते आधी."

म्हातारी खाटेवर पडली होती. सिंधूताईंनी तिचा पाय हातात घेऊन पट्टी सोडली. म्हातारीनं मान वर केली. "कशी आहे वं बाई?"

सिंधूताई जखमेकडं बघत राहिल्या. कडेला काळं होतं. म्हातारीनं पुन्हा विचारलं. कौसल्याही त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"उद्याच यांना दवाखान्यात न्या," त्या कौसल्याला म्हणाल्या, आणि पट्टी पुन्हा बांधू लागल्या.